दोन भाषांच्या शाळेतली संमेलनं

जानेवारीतला तिसरा शनिवार जवळ आला की शाळेच्या हॉलमध्ये सहा फुटी टेबलं भिंतीलगत लागायची आणि दहावीची मुलं काखेत सनबोर्डचे फलक घेऊन आपापली जागा शोधत फिरायची. पुण्याच्या पश्चिमेकडची ही आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय मंडळाची शाळा. विषय बरेचसे इंग्रजीतून, पण मराठीला दहावीपर्यंत पूर्ण तास, आणि वर्षातलं प्रत्येक संमेलन दोन्ही भाषांतून. त्या सगळ्यांत दहावीच्या प्रकल्पांचं हे प्रदर्शन सर्वात लाडकं. एमवायपी हा आयबीचा सहावी ते दहावीचा अभ्यासक्रम. त्याच्या पाचव्या वर्षात, म्हणजे दहावीत, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या विषयावर एकट्याने प्रकल्प करावा लागतो. पर्सनल प्रोजेक्ट हे त्याचं पूर्ण नाव, पण शाळेत सगळे ‘पीपी’च म्हणायचे. गुण मिळतात ते अहवालाला: जास्तीत जास्त १५ पानं, अक्षर किमान ११ पॉइंट, समास २ सेंटिमीटर. नियोजन, कौशल्यांचा वापर आणि चिंतन या तीन निकषांना प्रत्येकी ८, म्हणून एकूण २४. मुलाने हाताने घडवलेली वस्तू परीक्षकाकडे जात नाही. ती लोकांना दिसते ती फक्त या प्रदर्शनात, म्हणून त्या दिवसाचं एवढं अप्रूप.

कामाला साधारण २५ तास द्यावेत अशी अपेक्षा असते आणि सुपरवायझरशी, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाशी, किमान तीन भेटींची नोंद लागते. विषय जूनमध्ये ठरायचे, तेव्हा सगळेच उत्साहात. गाडी अडायची ती यशाचे निकष लिहिताना. ‘चांगला माहितीपट करीन’ एवढंच लिहिलं, तर शेवटी तो चांगला झाला की नाही हे ठरवायचं कशावर? त्याऐवजी ‘आठ मिनिटांचा, तीन भाजीविक्रेत्यांच्या मुलाखती असलेला, आवाज बाहेरच्या गोंगाटातही कळेल असा’ असं लिहिलं की मोजता येतं, आणि चिंतनाच्या भागात लिहायला काहीतरी हाती राहतं. हे पटायला बहुतेकांची दिवाळी उजाडायची. दुसरी ठरलेली अडचण जर्नलची. सहा महिन्यांची वही एका आठवड्यात भरली की लगेच ओळखू यायची: एकच शाई, एकच वळण, एकही खाडाखोड नाही. फसलेल्या प्रयत्नाचा फोटो, बदललेलं माप, खोडलेला आराखडा असं खरं काही त्या वहीत नसलं, तर अहवालात पुरावा म्हणून जोडायचं काय?

फलक दोन्ही भाषांत हवेत हा शाळेचा नियम. तो पाळताना सर्वाधिक घोळ व्हायचा छपाईच्या दुकानात. मुलं युनिकोडमध्ये टाइप करून फाइल द्यायची, दुकानातल्या जुन्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली की पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जायची, जोडाक्षरं सुटी पडायची आणि ‘ऱ्या’चा चेहराच बदलायचा. इंग्रजी बाजू चकचकीत आणि मराठी बाजू तुटकी, असे फलक पाहून जीव कळवळायचा. उपाय साधा होता. फाइल पीडीएफमध्ये द्यायची, तीही अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्राच्या रेषांमध्ये, रूपांतर करून, आणि मोठी छपाई काढण्याआधी ए-फोर कागदावर एक नमुना मराठीच्या बाईंना दाखवायचा. ज्यांनी नमुना दाखवला त्यांचे फलक कधी बिघडले नाहीत. मजकूर किती असावा याचाही अंदाज बसला होता: चार बाय तीनच्या फलकावर दोन्ही भाषा मिळून अडीचशे शब्दांच्या वर गेलं की कोणी वाचत नाही, सगळे फोटो काढून पुढे सरकतात.

मांडणीचं शास्त्र अनुभवाने जमत गेलं. पेटी, कॅहोन (खोक्यासारखं तालवाद्य) असे वाजणारे प्रकल्प स्टेजच्या बाजूला. साबण, अत्तर, आंबवलेले पदार्थ खिडकीलगत. पाणी लागणारे दाराजवळ, म्हणजे बादल्यांची ये-जा हॉलच्या मधून होत नाही. इस्त्री, हीट गन आणि किटली एकाच एक्स्टेंशनवर लावली की फ्यूज उडणारच, म्हणून तापणाऱ्या वस्तूंना भिंतीतला वेगळा सॉकेट. वायर जमिनीवरून न्यायची असेल तर कापडी टेपने पूर्ण लांबी चिकटवायची. नुसते दोन तुकडे लावले तर पाय अडकतोच.

दहा वाजता दारं उघडायची. पहिला तास आजी-आजोबांचा, आणि त्या तासात बोलणं मराठीतून. अहवाल इंग्रजीत लिहिलेला, महिनोन्महिने वाचन इंग्रजीत केलेलं, आणि समोर प्रश्न विचारणाऱ्या आजी शेतीतल्या. खरी परीक्षा तिथे व्हायची, असं आमचं ठाम मत आहे. सौर वाळवणी यंत्राचं टेबल घ्या. प्लायचं खोकं, वर काच, आत काळा रंग दिलेला पत्रा, त्याला जोडून जाळीचे तीन ट्रे असलेली पेटी. मुलगा ‘कन्व्हेक्शन’ म्हणून थांबला की आजी विचारायच्या, ‘ते असू दे. मेथी उन्हात टाकली की पिवळी पडते. तुझ्यात का नाही पडत?’ मग मुलाला पत्र्यावर बोट ठेवून सांगावं लागायचं: ऊन पत्र्यावर पडतं, भाजीवर नाही. खालच्या फटीतून गार हवा शिरते, पत्र्याला लागून तापते, वर चढते, भाजीतला ओलावा घेते आणि वरच्या भोकातून निघून जाते. भाजी सावलीतच असते, म्हणून तिचा रंग टिकतो. आजींचा पुढचा प्रश्न तयारच: ‘आणि आभाळ आलं तर? अर्धी सुकलेली भाजी रात्रभर आत राहिली तर बुरशी नाही धरणार?’ याचं उत्तर अहवालात नसायचं. ते मूल तिथे उभ्या उभ्या विचार करायचं: रात्री वरचं भोक बंद करावं का, ट्रे बाहेर काढून घरात पसरावेत का. हे असं बोलणं ऐकण्यासाठी शिक्षक मुद्दाम टेबलांच्या मागे रेंगाळायचे.

सातवी-आठवीच्या मुलांना दोन-दोन प्रश्नचिठ्ठ्या दिलेल्या असायच्या, एक मराठीतली, एक इंग्रजीतली. ‘तुझं काय फसलं?’ हा प्रश्न बहुतेक सगळ्या चिठ्ठ्यांवर. उत्तरं लिहून घेताना पुढच्या दोन-तीन वर्षांतले पीपीचे विषय त्यांच्या डोक्यात रुजायचे.

मार्चमधलं टीओकेचं, म्हणजे ‘थिअरी ऑफ नॉलेज’ या विषयाचं प्रदर्शन शांत स्वभावाचं. डीपी हा आयबीचा अकरावी-बारावीचा डिप्लोमा. त्याच्या पहिल्या वर्षाची मुलं आयबीने दिलेल्या ३५ प्रश्नांतला एक निवडतात, तीन वस्तू मांडतात आणि तिन्ही मिळून ९५० शब्दांत त्या प्रश्नाशी वस्तूंचं नातं सांगतात. गुण १० पैकी, तपासणी शाळेतच, मग आयबीकडून पडताळणी. इथे चुकतं ते वस्तू निवडताना. ‘घड्याळ’ ही वस्तू चालत नाही. आजोबांनी निवृत्तीच्या दिवशी घेतलेलं, अजूनही रोज चावी द्यावी लागणारं एचएमटीचं घड्याळ चालतं, कारण ते एका माणसाच्या, एका काळाच्या हातातलं आहे. इंटरनेटवरून उतरवलेलं कुठलंही चित्र ठेवलं की गुण घसरतात, कारण ते कोणाचंच नसतं. आम्हाला सर्वांत आवडलेली मांडणी ‘एखाद्या दाव्यावर शंका कोणत्या आधारावर घ्यावी’ या प्रश्नाभोवतीची. टेबलावर दाते पंचांग आणि टिळक पंचांग शेजारी शेजारी उघडे. काही वर्षी दोघांचा अधिक मास वेगळा येतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरात गणपती महिनाभर आधी बसतात. आकाश एकच, गणित दोन्हीकडे चोख, फरक राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा याचा. कोकणातल्या घरांतून आलेल्या पालकांचा घोळका त्या टेबलाभोवती तासभर हलला नव्हता.

आंतरराष्ट्रीय दिवस ऑक्टोबरमध्ये, २४ तारखेच्या संयुक्त राष्ट्र दिनाच्या आसपास. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे शाळेत जर्मन, कोरियन, जपानी मुलं होती. त्यांचे आईवडील या दिवसासाठी सुट्टी काढून यायचे. ध्वजांच्या बाबतीत हयगय नको, हा दंडक. भारतीय ध्वज इतर देशांच्या ध्वजांबरोबर एका ओळीत लावला की तो ओळीच्या अगदी उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे येतो. बाकीचे देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. आपला ध्वज चढतो सर्वांत आधी, उतरतो सर्वांत शेवटी. पोलंडचा पांढरा पट्टा वर, इंडोनेशियाचा लाल पट्टा वर, हे काठीला बांधण्याआधी मुलांकडून तपासून घ्यायचं. कोरियाचा ध्वज उलटा लागण्याची भीती जास्त, कारण वर्तुळाकडे पाहून पटकन कळत नाही. लाल भाग वर आणि तीन अखंड रेघांचं चिन्ह काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात, ही खूण लक्षात ठेवली की चूक होत नाही.

खाण्याच्या टेबलांवर प्रत्येक पदार्थापुढे कार्ड: नाव दोन्ही भाषांत आणि त्यात शेंगदाणे, तीळ, दूध, गहू, अंडं, सोया, मासे यांपैकी काय आहे ते. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण बाहेरून आलेल्या मुलाला ते दिसत नाही. गिमबाप या कोरियन भाताच्या गुंडाळीत तिळाचं तेल असतं हे आपल्याला दिसत नाही. वाटप चवीपुरतं, माणशी साधारण ५० ग्रॅम. एक किलो साबुदाण्याची खिचडी बटाटा-कूट धरून पन्नासेक जणांना पुरायची. झाकून ठेवली की वाफ धरून गोळा होतो, म्हणून पसरट परातीत, वर नुसतं मलमलचं फडकं.

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाचं वर्णन कुठल्याही शाळेच्या माणसाला नव्याने सांगायला नको: तालमी, भाड्याच्या नऊवारी, ऐन वेळी हरवणाऱ्या पिना. वेगळं काय, तर दोन निवेदक. एकाने मराठीत सांगितलेलं दुसऱ्याने इंग्रजीत पुन्हा सांगितलं की दोन तासांचा कार्यक्रम अडीच तासांवर जातो आणि प्रेक्षक अर्धा वेळ कंटाळतात. म्हणून दोघांनी एकमेकांचं पुढे न्यायचं, फक्त कार्यक्रमाचं आणि कलाकारांचं नाव दोघांनीही घ्यायचं. रात्री दहानंतर उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, तेव्हा ही बचत कामाची होती.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा या शाळेला २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी वेगळं काही उभारावं लागलं नाही. त्या दिवशी कोरियन मुलांनी दिलेल्या मराठीतल्या पाककृती भित्तिपत्रकावर लागायच्या, एवढी भर.

बारावीचा निरोप एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावा लागायचा, कारण डीपीच्या लेखी परीक्षा त्या महिन्याच्या अखेरीस सुरू होतात. आयबीची स्थापना १९६८ साली जिनिव्हात झाली, आणि इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषांत शिकवणाऱ्या तिथल्या जुन्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या शिक्षकांचा त्यात मोठा वाटा. म्हणूनच की काय, डिप्लोमातही दोन भाषांची वेगळी दखल आहे. विषयांच्या पहिल्या गटात, म्हणजे भाषा-साहित्याच्या गटात, दोन भाषांचं साहित्य घेऊन दोन्हींत ७ पैकी किमान ३ मिळवले तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. शाळेत निवडलेल्या भाषेचा शिक्षक नसला तरी स्टँडर्ड लेव्हलला, म्हणजे दोन पातळ्यांपैकी खालच्या पातळीला, स्वाध्यायाने साहित्य शिकण्याची सोय आहे. निरोपाच्या दिवशी अशी मुलं अभ्यासलेल्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायची. भाषा समजो न समजो, हॉल लक्ष देऊन ऐकायचा.

ही मुलं परत भेटायची ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, परदेशातली विद्यापीठं सुट्टीवर असताना. माजी विद्यार्थी मेळाव्यात भाषणं जवळजवळ नसायची. विषयवार टेबलं मांडायची, प्रत्येकी दोन माजी विद्यार्थी आणि समोर अकरावी-बारावीची मुलं. सर्वांत मोठी रांग डीपीत लिहाव्या लागणाऱ्या ४००० शब्दांच्या संशोधन-निबंधाच्या टेबलावर. ‘पाण्याचं प्रदूषण’ नको, ‘मुळा नदीच्या दोन ठिकाणच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा फरक’ घे, आणि दोन्ही नमुने एकाच वेळी काढ, कारण तापमान बदललं की आकडा बदलतो, असा सल्ला तिथे मिळायचा. इंग्रजीत सुरू झालेलं बोलणं पाच मिनिटांत मराठीवर यायचं, सूत्रं आली की पुन्हा इंग्रजीवर जायचं. वेळ बारापर्यंतची ठरलेली असायची, पण दीड वाजला तरी टेबलं उठायची नाहीत, आणि कॅन्टीनला चहा दुसऱ्यांदा टाकायला सांगावं लागायचं.