200 वॅटचे पॅनेल, मे महिन्याचे कोकण आणि थंड न करणारा कूलर

मे महिन्यात कोकण किनाऱ्याने स्वतःच्या कॅम्पर व्हॅनने जायचे असेल आणि वाटेत मासे, दूध, दही थंड ठेवायचे असेल, तर ‘इलेक्ट्रिक कूलर’ या एकाच नावाखाली दुकानात दोन पूर्णपणे वेगळी यंत्रे विकली जातात, हे आधी लक्षात घ्यावे आणि खोक्यावर ‘कॉम्प्रेसर’ हा शब्द छापलेला दिसल्याखेरीज पैसे देऊ नयेत. आमच्यासोबत दुसऱ्या गाडीत असलेल्या कुटुंबाला विक्रेत्याने ‘हा फ्रीजच आहे, फक्त लहान’ असे सांगून जी पेटी दिली होती, ती थर्मोइलेक्ट्रिक निघाली. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो, वायू नसतो. 1834 मध्ये ज्याँ पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळलेल्या परिणामावर ती चालते. वीज वाहिली की पेटीत बसवलेल्या चकतीची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, आणि गरम बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. अशी पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 15 ते 20 अंश खाली जाते, त्याहून खाली नाही. महाबळेश्वरला थंडीत हे चालून जाईल. हर्णैला, गाडीत 36 अंश असताना, पेटीच्या आत 18 अंशांच्या खाली काटा गेला नाही, आणि संध्याकाळच्या लिलावात घेतलेल्या सुरमईला सकाळी झाकण उघडताच जो वास आला, त्यावर चर्चेची गरज उरली नाही.

त्याहून वाईट गोष्ट विजेची. ही पेटी 50 वॅट घेते आणि उन्हाळ्यात ती कधीच थांबत नाही, कारण ठरवलेले तापमान तिला गाठताच येत नाही. चोवीस तासांचा हिशेब 1200 वॅट-तास होतो. आमचा 40 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असतानाही तेवढेच वॅट घेत होता, पण तो थांबून थांबून चालतो. रात्री एकतृतीयांश वेळ, भर दुपारी निम्म्याहून अधिक. दिवसाला सरासरी 500 ते 550 वॅट-तासांत त्याने 4 अंश टिकवले. म्हणजे स्वस्तातली पेटी दुपटीहून जास्त वीज खाऊन निम्मेही काम करत नाही. ती घेण्यापेक्षा जाड थर्माकोलचा डबा घ्यावा आणि मासळी बंदरावर फोडलेला बर्फ विकत घ्यावा. तो सर्वत्र मिळतो.

दिवेआगर, हरिहरेश्वर, वेश्वी-बागमांडला फेरी आणि केळशीपर्यंतचा प्रवास उत्तम झाला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

आता पॅनेल. आमचे घडीचे पॅनेल 200 वॅटचे होते आणि ‘तासाला 200 मिळणार’ असे छातीठोकपणे सांगण्यात आले होते. हा आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि पॅनेलच्या पेशींचे तापमान 25 अंश. तापलेल्या वाळूवर ठेवलेले काळे पॅनेल 65 अंशांपर्यंत जाते आणि 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटते. त्यात खारट धुळीचा थर आणि वायरमधील गळती धरली, की भर बाराला 150 वॅट दिसले तरी समाधान मानावे. संपूर्ण दिवस अडथळा नसेल तर 700 ते 800 वॅट-तास हाती येतात. विक्रेता म्हणेल ते तीनचतुर्थांश करून मगच फ्रीजचा हिशेब मांडावा.

पॅनेलला मागे पाय असतात आणि ते सूर्याकडे कलते ठेवावे असे प्रत्येक माहितीपत्रक सांगते. रत्नागिरी-दापोलीच्या पट्ट्यात मेच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर असतो, म्हणून त्या वेळी पॅनेल सरळ आडवे टाकणेच योग्य. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून 50 अंशांच्या आसपासच चढतो. पाय तेव्हा उपयोगी. शिवाय मेमध्ये दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो, तो उभे केलेले पॅनेल सहज उलथवतो. आमच्या पॅनेलच्या घडीवरील शिवण मुरुडच्या किनाऱ्यावर अशीच वीतभर उसवली. चारही कोपऱ्यांच्या कड्यांत दोरी ओवून ती दगडांना बांधल्याशिवाय पॅनेल सोडून जाऊ नये.

खरी अडचण सावलीची आहे. गाडी सावलीत हवी, नाहीतर आतला फ्रीज थांबणार नाही. पॅनेल उन्हात हवे, नाहीतर फ्रीजला वीज मिळणार नाही. म्हणून छतावर कायमचे बसवलेले पॅनेल या किनाऱ्यावर मला निरुपयोगी वाटते, मग ते बसवणारा काहीही म्हणो. घडीचे पॅनेल आणि त्याला किमान 10 मीटर लांबीची जाड वायर, हीच जोडी येथे चालते. सुरूच्या बनात थांबणाऱ्यांनी फसू नये: सुरूची सावली डोळ्यांना विरळ वाटते, पण पॅनेलमधील पेशी माळेसारख्या जोडलेल्या असल्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची रेघ पडली तरी आकडा 140 वरून 60 वर उतरतो. माडाखाली पॅनेल ठेवू नये आणि स्वतःही बसू नये. कारण सांगायला नको.

या प्रवासातला सर्वांत वाईट टप्पा गुहागर ते जयगड. तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा फेरी नुकतीच सुटली होती. धक्का उघडा, झाड नाही, इंजिन बंद, आणि पॅनेल मात्र टपावर स्वच्छ उन्हात. अशा दुपारी पॉवर स्टेशन, म्हणजे पॅनेलची वीज साठवणारी बॅटरीची पेटी, भरभरून चार्ज व्हायला हवे होते. त्याच्या पडद्यावर मात्र आवक शून्य आणि शेजारी थर्मामीटरचे लाल चिन्ह. लिथियम बॅटरीची बहुतेक यंत्रे 40 ते 45 अंशांच्या वर चार्ज घेणे थांबवतात, आणि ही अट आमच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली होती. गाडी बांधून देणाऱ्या कारागिराने स्टेशनसाठी जे सुबक लाकडी कपाट केले होते, त्याला हवेसाठी एकही भोक नव्हते. पलीकडे उतरून जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) मुक्काम केला, जिथे कातळ रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. फ्रीज थांबला नाही आणि मध्यरात्रीनंतर कमी विजेची शिट्टी वाजू लागली. त्या रात्री मी पूर्ण सौरयंत्रणा खाडीत टाकायला तयार होतो. दुसऱ्या दिवशी कपाटाचे दार काढून फेकले, स्टेशन जमिनीलगत, ओल्या पंचाने झाकलेल्या खिडकीजवळ ठेवले आणि चार्ज सुरळीत झाला. पंचा यंत्रावर टाकू नये, खिडकीवरच टाकावा.

त्या रात्रीनंतर पुढील सवयी लागल्या. स्टेशनमधील 230 व्होल्टचे बटण बंद ठेवून फ्रीज थेट 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालवावा, कारण इन्व्हर्टर (बॅटरीची वीज 230 व्होल्टची करणारा भाग) नुसता चालू राहिला तरी 10 ते 20 वॅट खातो आणि रात्रभरात त्याचे 100 ते 200 वॅट-तास होतात. दुपारी पॅनेल जोरात असताना फ्रीज उणे 2 वर लावून त्यात पाण्याच्या बाटल्या गारठवाव्यात आणि सूर्यास्तानंतर तो 6 वर न्यावा. पहाटेपर्यंत बाटल्याच काम करतात. फ्रीजच्या जाळीला गादी किंवा कपड्यांची पिशवी टेकू देऊ नये. ताजी मासळी आधी बर्फाच्या पाण्यात गार करून मगच आत ठेवावी. रोज संध्याकाळी वायरच्या जोडांवरून ओले फडके फिरवावे. खाऱ्या हवेने आमच्या पितळी पिनांवर हिरवट थर इतक्या लवकर चढला की पुढे जोड हाताला गरम लागू लागला.

आणि सौर उपासकांना राग येईल असे मत: रोज दोन-तीन तास गाडी चालवणार असाल तर पॅनेलआधी डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडी चालू असताना तिच्या विजेवर स्टेशन भरणारे यंत्र, घ्यावा. गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून 100 ते 120 वॅटच मिळतात, कारण त्याचा फ्यूज लहान असतो. गाडीच्या बॅटरीपासून जाड वायरने ओढलेला 30 अँपिअरचा चार्जर 350 वॅटपर्यंत देतो, म्हणजे दापोली ते गुहागर एवढ्या रस्त्यात फ्रीजची पूर्ण दिवसाची सोय होते. वायरजोडणी मात्र जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच, बॅटरीजवळ फ्यूज घालून करून घ्यावी.

उरला प्रश्न प्लगचा. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, परंतु आमच्या वाटेवर गाडी लावून वीज घेता येईल अशी ठरीव जागा एकही दिसली नाही. गणपतीपुळ्याच्या आसपास एका रिसॉर्टने अंगणात गाडी लावण्याचे वेगळे आणि ‘लाइटचे’ 500 रुपये वेगळे सांगितले. 1 किलोवॅट-तासाचे स्टेशन पूर्ण रिकामे असले तरी भरायला जेमतेम सव्वा युनिट लागते. मी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर दाखवला, मालकाने तो पाहण्यासही नकार दिला, आम्ही निघालो. त्यापेक्षा घरगुती खानावळ गाठावी, जेवणाची ऑर्डर देतानाच काकूंना विचारून स्टेशन आत लावावे आणि त्याचा एसी चार्ज (भिंतीच्या प्लगवरून होणारा) 600 वॅटवर ठेवावा. सोलकढी येऊन ताट उचलले जाईपर्यंत दोन तास सहज जातात, तेवढ्यात बॅटरी भरते. मालवणच्या अलीकडे आम्ही असेच केले. विजेचे 50 रुपये आपणहून दिले आणि ते घेण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. एकच खबरदारी: जुन्या घरातील 5 अँपिअरच्या सैल सॉकेटवर 600 लावू नये, तिथे 300 ठेवून जेवण सावकाश करावे.