राजेश्वरीची वेलांटी

मी मूळची बार्शीची. बी.एस्सी. करून २०१६ मध्ये पुण्यात आले, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहिले, जावा या प्रोग्रामिंग भाषेचा क्लास लावला. सात-आठ वॉक-इन मुलाखती दिल्या. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट निघायची, पण मुलाखतीत "प्रोजेक्टमध्ये तू नेमकं काय केलंस?" असं विचारलं की अडायचं. प्रोजेक्ट क्लासनेच दिलेला, अख्ख्या बॅचचा एकच. शेवटी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला लागले. कोड लिहायचा नाही, फोन घ्यायचे.

चौथ्या महिन्यात एका शाखेतून क्लार्कचा फोन आला. मराठी पासबुक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. "मॅडम, राजेश्वर सेव्ह होतं, राजेश्वरी होत नाही. मग आम्ही शेवटची वेलांटी गाळतो." म्हणजे एका बाईंच्या पासबुकावर 'श्रीमती राजेश्वर' छापून गेलं होतं. मला ते फार लागलं.

स्क्रीनवर फक्त 'माहिती जतन झाली नाही' एवढंच यायचं. एरवी मी असं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, डेव्हलपरकडे ढकललं असतं. या वेळी सर्व्हरचा लॉग, म्हणजे आत काय घडलं याची नोंद, बघायची परवानगी मागितली. त्यात ओरॅकल या डेटाबेसची एरर होती: ओआरए-१२८९९, म्हणजे मजकूर कॉलममध्ये, त्याच्या रकान्यात, मावत नाही; प्रत्यक्ष लांबी २७, कमाल २५.

सत्तावीस कुठून आले? बोटांवर मोजली तर रा, जे, श्व, री, अशी चारच अक्षरं. कागदावर नाव फोडलं: र, काना, ज, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. नऊ. संध्याकाळी ऑफिसात थांबून वाचत बसले तेव्हा उलगडलं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि ते क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं, लागतात. नऊ त्रिक सत्तावीस! ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर कॉलमची लांबी बाइटमध्येच धरली जाते. इंग्रजी नावाचा २५ चा कॉलम मराठीसाठी जसाच्या तसा उचलला होता. राजेश्वर म्हणजे आठ त्रिक चोवीस, म्हणून ते बसत होतं. टेस्टिंग सुनील आणि मंदा अशा नावांवर झालं होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कागद टीम लीडना दाखवला. ते म्हणाले, "दुरुस्ती तूच लिही." कॉलम १०० कॅरेक्टरचा, म्हणजे बाइटऐवजी चिन्हं मोजणारा केला, त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. खरं काम पुढे होतं. आधीच तुटलेली नावं कोणती, हे मशीनला कसं कळणार? बाइटची लांबी मोजणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून काठावरची नावं काढली, शाखांना फोन करून एकेक नाव खातं उघडतानाच्या अर्जाशी ताडून घेतलं. बारा दिवस गेले. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, माझं एसक्यूएल, खऱ्या अर्थाने पक्कं झालं ते या बारा दिवसांत. सपोर्टमध्ये असलेल्या मुलामुलींना मी आजही हेच सांगते की लॉग बघायची परवानगी मागा. ग्राहक नेमका कुठे अडतो हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

सहा महिन्यांनी मला डेव्हलपमेंटला घेतलं. २०१९ मध्ये दुसरीकडे मुलाखतीला गेले, तर पुन्हा तोच प्रश्न: "तू नेमकं काय केलंस?" मी पेन मागितलं, राजेश्वरी लिहिलं आणि फोडून दाखवलं. समोरच्या मॅडमनी कागद स्वतःकडे ओढला आणि खाली आपलं नाव लिहून त्याचे बाइट मोजायला लागल्या.