बेटांवरचे भुंगेरे आणि निर्यात परवान्याचा तो रकाना: माझा अनुभव

कॅरिबियन बेटांवर कीटक गोळा करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: पकडण्याचा परवाना वेगळा आणि पकडलेलं देशाबाहेर नेण्याचा वेगळा. पहिला मला घरबसल्या ई-मेलवर मिळाला. दुसऱ्याने जीव काढला. अजून आठवलं की संताप होतो.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवर काम करते. लेसर अँटिलीज या कॅरिबियन बेटांच्या माळेतली उंच बेटं ज्वालामुखींनी घडलेली आहेत आणि मध्ये खोल समुद्र, म्हणून एका बेटावरची जात शेजारच्या बेटावर असेलच असं नाही. प्रत्येक बेटावर स्वतंत्रपणे गोळा करावं लागतं आणि तितक्याच सरकारांकडे अर्ज करावे लागतात. डॉमिनिका आणि ग्रेनाडाला थोड्या दिवसांसाठी जायला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागला नाही. ग्वाडेलूप, मार्टिनिक मात्र फ्रान्सची. तिथे नुसता शेंगेन व्हिसा चालत नाही.

जंगलातलं काम छान झालं. वाळक्या फांद्यांवर काठी मारून खाली धरलेल्या कापडावर भुंगेरे पाडले, मॅलेझ सापळे (तंबूसारखी जाळी, उडते कीटक वरच्या बाटलीत जमतात) लावले, रात्री दिव्यामागे पांढरी चादर ताणली. डॉमिनिकात हर्क्युलस भुंगेरा चादरीवर येऊन आपटला तेव्हा मी ओरडलेच.

अडलं ते एका बेटावरच्या कार्यालयात. निर्यातीच्या अर्जात दोन रकाने: शास्त्रीय नाव आणि संख्या. मॅलेझ सापळ्याच्या एका बाटलीत हजारो माश्या, गांधीलमाश्या, चिलटं असतात. त्यांतल्या कित्येकांना अजून कुणी नावच दिलेलं नाही, ते शोधायलाच तर त्या न्यायच्या! खिडकीतल्या बाईंचं एकच पालुपद: "नाव नाही, तर परवाना कशाचा देऊ?" त्यांनी मला वनस्पती तपासणीच्या कार्यालयात पाठवलं. तिथले म्हणाले, आधी पहिल्या कार्यालयाचं पत्र आणा. पत्रावर सही करणारे साहेब दौऱ्यावर. साहेब आले, तर शिक्का दुसऱ्याच्या कपाटात. पुढच्या बेटाची बोट माझ्याशिवाय गेली. खोलीत उकाडा, सुकवायला ठेवलेल्या भुंगेऱ्यांवर बुरशी धरू लागली आणि रात्री मुंग्यांनी दोन भुंगेऱ्यांचे पाय नेले. (सिलिका जेल भरपूर न्या आणि सुकवायच्या फळीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.)

शेवटी एक बाटली, पांढरी थाळी आणि भिंग घेऊन मी सरळ साहेबांच्या टेबलाशी गेले. थाळीत बाटली रिकामी केली आणि म्हटलं, "सर, तुम्हीच मोजा." ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले, मग त्यांनी शेजारच्यांनाही बोलावलं. त्याच दुपारी तोडगा निघाला: नावाच्या जागी गण आणि कुळ (ऑर्डर आणि फॅमिली), संख्येच्या जागी बाटल्यांचे क्रमांक, आणि ओळख पटली की संपूर्ण यादी पाठवण्याची माझी लेखी हमी. ती यादी मी पाठवली आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

परवाना मागणं चूक नाही. या बेटांचे नमुने पिढ्यानपिढ्या लंडन, पॅरिस, वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत गेले. आपलाच किडा पाहायला तिथल्या माणसाने परदेशी जायचं का? आपल्याकडे भारतातही यासाठी 2002 चा जैवविविधता कायदा आहेच. पण त्या बेटावरचा निर्यातीचा अर्ज पोपट आणि लाकूड डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, एकेक मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी. म्हणून गण-कुळाची यादी आणि हमीपत्र पहिल्याच दिवशी द्या, खिडकीत वाद घालू नका.

तारखाही बघून ठेवा. डॉमिनिकाचा कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ग्रेनाडाचा ऑगस्टमध्ये. तेव्हा सही मिळायची नाही.

नमुने टिकवायच्या अल्कोहोलचं राहिलंच. विमानात धोकादायक मालाच्या आयाटा नियमांतल्या ए-180 तरतुदीखाली असे नमुने नेता येतात: एका कुपीत 30 मिलीपर्यंत, पूर्ण खोक्यात एक लिटरपर्यंत, आणि खोक्यावर तसं लिहिलेलं हवं. ग्रेनाडात अल्कोहोल संपलं, तर रिव्हर अँटोइनची 75 टक्क्यांची रम तात्पुरती चालते. डीएनएच्या कामाला मात्र 95 टक्केच हवं.

अमेरिकेत उतरताना वन्यजीव खात्याचा 3-177 अर्ज भरावा लागतो. मायामीत माझ्याकडे निर्यात परवान्याची मूळ प्रत मागितली. ती हातातल्या पिशवीत ठेवा, नमुन्यांच्या खोक्यात बंद करू नका.