कौन्सिलवर कोण बसतंय?
सांगलीतला एक पत्रकार मित्र म्हणतो, प्रेस कौन्सिलवर (वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणारी, पत्रकारांच्या तक्रारी ऐकणारी देशपातळीवरची संस्था) कोण बसतंय याने आपल्याला काय फरक पडतो, अरे बाबा पडतो ना! १९७८ चा कायदा आहे, अध्यक्ष सोडून २८ मेंबर, त्यात १३ पत्रकार, आणि त्यांची नावं पत्रकारांच्या संघटनांनी पाठवलेल्या पॅनेलमधूनच, म्हणजे नावांच्या यादीतूनच, यायला पाहिजेत, कुणाच्या मर्जीतला म्हणून नाही. ते डावललं तर नेमणूकच बेकायदेशीर. आधीच कौन्सिलच्या हातात फक्त ताशेरे, दंड करायचा अधिकार नाही (टीव्ही तर कक्षेतच नाही), त्यात मेंबरपण सोयीचे बसवले तर आटपाडी-जतच्या वार्ताहराने धमकी आल्यावर तक्रार करायची कुणाकडे? त्यामुळे नागरिक संघटना अशा नेमणुकांवर हरकत घेतात ती मला तरी किरकिर वाटत नाही. पॅनेल कुणी पाठवलं ते माहिती अधिकारात विचारा की, फी १० रुपये आहे.