दमणचा माल, भिलाडला मुक्काम

आमच्या धंद्यात वाईन बनवणाऱ्याची मुलाखत छापून येते, पिणाऱ्यांचे फोटो येतात. मी त्या दोघांच्या मधला. नाशिकजवळच्या एका वायनरीत डिस्पॅच आणि एक्साईजचे कागद बघतो. बाटली भरली, लेबल लावलं, ट्रकात टाकली, संपलं, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात एकाच टाकीतली, एकाच दिवशी भरलेली शिराझ ही रेड वाईन गोव्याला जाणार की दिल्लीला हे ठरल्याशिवाय मी तिला मागचं लेबलसुद्धा लावू देत नाही.

दारू हा राज्यसूचीतला विषय. जीएसटी आला, पण पिण्याची दारू त्याच्या बाहेरच राहिली, आणि आमच्यासाठी प्रत्येक राज्य हा वेगळा देश झाला. ज्या राज्यात विकायचं तिथे ब्रँड आणि लेबल नोंदवा, फी भरा, आणि 31 मार्च उलटला की नव्याने सुरुवात. तमिळनाडू आणि केरळमध्ये गिऱ्हाईक एकच, सरकारी महामंडळ. त्याने मागितलं तरच माल जायचा. गोव्यात अठरा वर्षांचा पोरगा आमची बाटली कायदेशीर विकत घेतो, दिल्लीत त्याच पोराला पंचविशीपर्यंत थांबावं लागतं. आपल्याकडे बिअर-वाईनला 21, कडक दारूला 25. आणि नाशिकहून दिल्लीला माल धाडणारा मी आपल्याच राज्यातल्या वर्ध्याच्या दुकानात एक बाटली ठेवू शकत नाही. तिथे 1974 पासून दारूबंदी आहे, दुकानच नाही. माझ्या लेबल-स्टोअरच्या मांडणीवर राज्यवार गठ्ठे आहेत, कुलूप लावून. एक गठ्ठा चुकीच्या लाईनवर गेला तर अख्खा लॉट धुऊन पुन्हा चिकटवायचा. या स्टोअरचा मला अभिमान आहे. साहेब लोकांना मात्र फक्त टेस्टिंग रूम दाखवायला आवडते.

दमण मला कधीच आवडलं नाही. माल थोडा, कागद फार. दमणच्या एका बाजूला समुद्र आणि बाकी सगळीकडे गुजरात. म्हणजे दारू विकणाऱ्या महाराष्ट्रातून दारू विकणाऱ्या दमणला जायचं तर मधली दारूबंदीची पट्टी ओलांडायलाच हवी. त्यासाठी दमणचा आयात परवाना, आपल्याकडचा वाहतूक पास आणि गुजरातचा ट्रान्झिट पास. त्या पासावर गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, मार्ग, मुदत सगळं लिहिलेलं. नाशिकहून पेठमार्गे दमणच्या तोंडावरचं वापी जवळ पडतं, पण त्या रस्त्याने गुजरात लवकर लागतं. म्हणून मी गाडी जव्हारवरून चारोटी, तलासरी अशी खाली उतरवतो आणि अच्छाडला हद्द ओलांडतो. डिझेल जास्त जातं म्हणून अकाउंटवाले बोंबलतात. बोंबलू देत.

मे महिन्यातला शनिवार होता. सकाळी साडेसातला मामांचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या ट्रान्सपोर्टरचे जुने ड्रायव्हर, दिंडोरीकडचे. "भाऊ, क्लच प्लेट जळाली. भिलाडच्या पुढं उभा आहे." मी विचारलं, हद्द ओलांडली का? "ओलांडली ना. तोच तर घोळ झाला."

अलीकडे दहा-बारा किलोमीटरवर गाडी बसली असती तर नुसता ब्रेकडाऊन. दुसरी गाडी बोलवायची, माल पालटायचा, एक अर्ज करायचा. पलीकडे तसं करता येत नाही. पासावर जो नंबर आहे त्या गाडीतून पेटी खाली उतरली की ती विनापरवाना दारू. आणि गाडी जागेवर उभी राहिली तरी मुदत पळतच असते. रात्री बारा वाजता पास संपणार होता. ज्या कार्यालयाने पास दिला त्याला शनिवारची सुट्टी.

गंमत बघा, कलम दोन्हीकडे तेच. मुंबई राज्य एक असताना 1949 साली जो दारूबंदी कायदा झाला, तो 1960 ला दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. आपण त्याच कायद्याखाली परमिट रूम चालवतो, पिणाऱ्याला एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत देतो आणि तो कुणी मागतही नाही. तिकडे त्याच कायद्याने खरी दारूबंदी चालते. मालाची ने-आण, जवळ बाळगणं, सगळं कलम 65 मध्ये. फरक शिक्षेत. गुजरातने 2017 ला दुरुस्ती करून ती दहा वर्षांपर्यंत नेली. आणि ही दहा वर्षं कुणाला? गाडीत बसलेल्या माणसाला.

कागदांच्या झेरॉक्सचा संच घेऊन मी स्वतः निघालो. पोचलो तेव्हा पोलिसांची गाडी आधीच आलेली. पोरं मोटारसायकली लावून उभी. त्यातल्या एकाने मला मालक समजून "काका, एक बॉक्स सोडा ना," म्हणून सांगितलंसुद्धा. मामा मागच्या फाळक्याला पाठ लावून बसले होते, सील दिसेल असे. सकाळपासून तिथून हलले नव्हते.

जमादार वयस्क होते, मराठी चांगलं बोलत होते. प्रत्येक पान वाचलं. मग म्हणाले, "दमणमध्ये दारू कमी पडली काय, नाशिकवरून नेता?" मी हसलो, ते हसले नाहीत. पास खरा आहे हे त्यांना फोनवरून पडताळायचं होतं आणि फोन कुणी उचलत नव्हतं. पोलीस ठाण्यात गाडी लावा म्हणाले. गाडी हलत असती तर हा प्रसंगच नसता. शेवटी त्यांनी ठाण्याच्या डायरीत नोंद घातली: गाडी नंबर, सील शाबूत, बिघाडामुळे उभी. एक होमगार्ड बसवला आणि मिस्त्री आणायची मुभा दिली. त्या नोंदीचा मोबाईलवर फोटो काढू दिला. इतकी समजूत मला आपल्याकडच्या नाक्यांवर क्वचित भेटलीय.

वापीहून मिस्त्री आला. भरल्या गाडीखाली जॅक लावून गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दुपार गेली. ताडपत्रीवर हात ठेववत नव्हता. उन्हात वाईन फुगते, कॉर्क वर सरकतो, गळ्यावरचं फॉईल बोटाला टेंगळासारखं लागतं. त्यानंतर ती वाईन विकायची म्हणजे आपलंच नाव खराब करायचं. सील तोडून बघताही येईना. मॅनेजरचे फोन येत राहिले आणि दर वेळी प्रश्न कॉर्कचाच. मामा जेवले का, हे होमगार्डने विचारलं.

संध्याकाळी मिस्त्री क्लच दाबून बघत होता तेव्हा मामा माझ्याजवळ आले. "भाऊ, त्या कागदावर माझं नाव का? माल माझा नाही, गाडी माझी नाही." मी त्यांना नियम सांगितला. नियम बरोबरच सांगितला. ते म्हणाले, "मग पगारबी तसा पाहिजे." यावर मला काही बोलता आलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. सह्या मीच घेतो त्यांच्या, खुणा करून दिलेल्या जागांवर.

साडेनवाला गाडी सुटली. मी मागे. वापीतून दाभेलच्या नाक्यापर्यंत मामांनी एकदाही थर्ड गिअरच्या वर नेली नाही. नाका ओलांडला की लगेच बारच्या पाट्या सुरू होतात, ओळीने. दमणच्या गोदामात सील तुटलं, पेट्या मोजल्या, बरोबर निघाल्या. वरच्या थरातले बरेच कॉर्क सरकलेले. तो माल परत आणायचा तर उलट दिशेचे तेच सगळे परवाने लागणार, म्हणून तिथेच नष्ट करायचं ठरलं. त्यासाठीही अर्ज होताच.

मामांच्या त्या दिवसाच्या हॉल्टिंगचं, म्हणजे खोळंब्याच्या भत्त्याचं, व्हाउचर मी सोमवारीच टाकलं. ट्रान्सपोर्टर म्हणतो बिघाड कंपनीच्या मालावर झाला, कंपनी म्हणते गाडी ट्रान्सपोर्टरची. मामा आता पिंपळगावहून कांदा भरतात. मी व्हाउचर दर महिन्याला पुन्हा पाठवतो, आणि अकाउंटवाले त्यावर दर वेळी तोच शेरा मारतात: सोबत गुजरात पोलिसांचा मूळ दाखला जोडावा.