हरकतीचा शेवटचा दिवस आणि एक पोच

मी तालुका विधी सेवा समितीत पीएलव्ही आहे, म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटिअर. वकील नाही. लोकांना कुठं जायचं, कुठला अर्ज करायचा, कुठला कागद लागतो हे सांगणं हे आमचं काम. मंगळवारी तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसते मी. गेल्या जानेवारीतला एक मंगळवार डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

अकराच्या सुमारास एक मावशी आल्या, पन्नाशीच्या पुढच्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आधी गेटजवळच्या एका एजंटाकडे गेल्या होत्या, त्याने सांगितलं केस टाकावी लागेल, पंधरा हजार होतील, आज चार हजार भरा. पिशवीत दीड हजार होते. चहाच्या टपरीवाल्याने त्यांना माझ्याकडे पाठवलं.

प्रकरण असं की दिवाळीत वडील गेले, आणि दोघा भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला त्यात आई आणि दोघं भाऊ एवढीच नावं. मावशींचं नावच नाही. हे त्यांना कळलं पुतण्याकडून, त्याने फोन केला की आत्या चावडीवर नोटीस लागलीय, तुझं नाव नाही. भावाला विचारलं तर तो म्हणाला तुझं लग्न ९१ सालचं, ९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नसतो, आणि उगाच तलाठ्याकडे गेलीस तर माहेर तुटलं समज.

आता ही ९४ ची गोष्ट हवेतली नाहीये. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. ते गावोगावी लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. नंतर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबरपासून, त्यात लग्न कधी झालं याची अटच नाही, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानेच आहे. हे मात्र गावात कुणी सांगत नाही! शिवाय वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्याला तर मुलगा, मुलगी, बायको, आई सगळे १९५६ च्या कायद्यापासूनच सारखे वारस आहेत. मी विचारलं, जुनी वाटणी झालेली का? नाही म्हणाल्या, सातबारा शेवटपर्यंत वडिलांच्याच नावावर.

मग मोबाईलवर आपली चावडी उघडलं. सरकारचा डिजिटल नोटीस बोर्ड आहे तो, पैसे लागत नाहीत, जिल्हा तालुका गाव टाकलं की चालू फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांत व्हायचे बदल, दिसतात. त्यांचा सापडला, प्रकार वारस, आणि शेजारच्या रकान्यात हरकतीची शेवटची तारीख. ती आजचीच होती. नोटिशीनंतर पंधरा दिवस असतात, चौदा असेच गेलेले. मुदत गेली असती तरी प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, ६० दिवसांत अपील करता येतं, पण ते म्हणजे पुन्हा हेलपाटे.

साध्या कागदावर अर्ज लिहिला, सोबत मृत्यू दाखला आणि मावशींचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर वडिलांचं नाव आहे. सही करताना त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, ताई मला जमीन नको हो, पण मी त्यांची मुलगीच नाही असं कसं लिहिलं त्यांनी? मी म्हटलं मावशी, ही भावावर केस नाही, आपलं नाव राहू द्या एवढंच म्हणायचंय, उद्या द्यायचंच असलं तर रजिस्टर हक्कसोडपत्र करून तुमच्या मर्जीने द्या. मग सही केली.

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच येतं) बाहेर गेलेले, तिथल्या माणसाने अर्ज घेतला आणि पोच द्यायला नाही म्हणाला, ठेवून जा, साहेब बघतील. तारीख आजची आणि हातात काहीच पुरावा नाही म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. जमीन महसूल संहिता माझ्या मोबाईलमध्ये मराठीतच सेव्ह असते, विधी व न्याय विभागाच्या साइटवरून फुकट घेतलेली. कलम १५० काढलं, हरकत आली की तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यायची आणि लगेच लेखी पोच द्यायची, असं त्यात आहे. मी वाचून दाखवणार तेवढ्यात मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला. चौथी शिकलेल्या. बोट स्क्रीनवर ठेवून एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचायला लागल्या, अडखळल्या, पुन्हा मागून सुरू केलं. ऑफिसातली चार माणसं गप्प झाली. त्या माणसाने तलाठ्यांना फोन लावला, अर्ध्या तासात ते आले, अर्ज वाचला आणि तारखेसकट पोच दिली. खरं सांगायचं तर तलाठी चांगले बोलले, बसायला खुर्चीही दिली.

या हरकतीची सुनावणी आता महसूल अधिकाऱ्यांपुढे होईल. पुढे वकील लागला तर बाईला उत्पन्न न बघता मोफत मिळतो, विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे ते, म्हणून पोचेच्या मागे मी १५१०० हा हेल्पलाइन नंबर लिहून दिला.

एसटी स्टँडवर त्यांनी विचारलं, भावाला आत्ताच सांगू, का सुनावणीच्या तारखेची नोटीस जाईल तेव्हा कळू दे? मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. त्यांनी फोन लावला. दोनदा पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावत होत्या तेवढ्यात गाडी लागली, फोन कानाला तसाच धरून त्या चढल्या.