लॉजवाल्यांची मुलगी: आमची वाटचाल

माझ्या लग्नाच्या बायोडेटात वडिलांचा व्यवसाय म्हणून आईने 'हॉटेल व्यवसाय' असं लिहिलं होतं, आणि बघायला आलेल्यांपैकी एका काकांनी पोहे खाता खाता विचारलं, वा वा, म्हणजे मिसळ वगैरे का? आपल्याकडे हॉटेल म्हणजे खायचं ठिकाण, त्यात ठाण्यात मामलेदार मिसळ, मग दुसरं काय येणार डोक्यात. बाबा सरळ बोलून गेले, नाही हो, लॉज आहे आपला, स्टेशनजवळ, वेस्टला. पुढची पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. ते स्थळ नंतर काही कळवायला आलंच नाही.

तर मी त्या लॉजची मुलगी. चौदा खोल्या, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर कॉमन संडास-बाथरूम, सकाळी बादलीने गरम पाणी. येणारी माणसं साधी असायची. जव्हार, मोखाडा, डहाणूकडून कलेक्टर ऑफिसला कामाला आलेली, कोर्टाच्या तारखेला आलेली, गडकरी रंगायतनचा प्रयोग संपल्यावर रात्रीची गाडी चुकलेली. बाबांचं गणित त्यांच्यावर चालायचं. मग 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, चांगलंच झालं त्या लोकांचं, एका सहीसाठी ठाण्याला मुक्काम करायची पाळी गेली, पण आमच्या सोमवार ते गुरुवारच्या खोल्या रिकाम्या पडायला लागल्या. आणि रिकाम्या खोलीला मग जे गिऱ्हाईक येतं ना, तासाच्या हिशोबाने विचारणारं आणि रजिस्टरमध्ये नाव लिहायला कां-कूं करणारं, त्याने लॉज हा शब्द बदनाम होतो. बाबा हाकलून द्यायचे. खोल्या रिकाम्याच राहायच्या.

मी तेव्हा एका कंपनीत अकाउंट्सला होते. म्हटलं सोडते आणि हेच नीट करते. कर्ज काढलं, चौदाच्या अकरा खोल्या केल्या, प्रत्येकीत स्वतःचं बाथरूम. डिझाइनर मुलगा हुशार होता, खोली शंभर स्क्वेअर फुटांच्या आसपास त्यामुळे कपाट काढून भिंतीवर नुसत्या खुंट्या लावल्या, पलंग उंच केला म्हणजे बॅग खाली सरकते, एका भिंतीला गडद निळा रंग, पिवळे दिवे, फोटोत एकदम भारी. आणि बाथरूमला काच. आरपार! खोली मोठी वाटते म्हणे. आई बघायला आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, अगं इथे माणसं राहणार आहेत की मासे?

आम्ही हसण्यावारी नेलं. आणि उघडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलीला परीक्षेला घेऊन आले, अर्ध्या तासाने खाली आले आणि खालच्या आवाजात विचारलं, ताई, जुने पेपर आणि चिकटपट्टी मिळेल का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना दुसरी खोली द्यावी तर तिथेही काचच. रात्री मी आणि आमच्या मामांनी (मामा म्हणजे आमचे सगळं बघणारे, बाबांच्या वेळचे) त्यांच्या खोलीत पेपर लावले आणि आठवड्याभरात सगळीकडे दुधी फिल्म मारून घेतली.

तिथून मला कळायला लागलं की आमच्याकडे येणारी माणसं कोण आहेत. ती फिरायला नाही येत. कोकणकन्येने नाहीतर विदर्भ एक्सप्रेसने पहाटे उतरतात, वागळे इस्टेटला पासपोर्टची अपॉइंटमेंट असते, कोणाचं पेशंट ॲडमिट असतं, कोणी घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला येतात. त्यांना हवी असते आंघोळ, चार तास झोप आणि उशाशी चार्जिंगचा प्लग. आणि आमचा चेक-इन दुपारी बारा! म्हणजे पहाटे पाचला आलेल्या बाईला तान्ह्या बाळासकट मी रिसेप्शनच्या सोफ्यावर बसवायचं, वर खोल्या रिकाम्या असताना. अर्ध्या दिवसाचं भाडं घ्यायचं मी टाळत होते कारण तासावर खोली देणं म्हणजे परत तोच लॉज, ही भीती. शेवटी बाबाच म्हणाले, वाईट तास नसतात, लपवाछपवी वाईट असते. मग पहाटे पाच ते सकाळी अकरा असा वेगळा दर सुरू केला, प्रत्येक माणसाचं ओळखपत्र, प्रत्येकाची नोंद, घाईतसुद्धा. आज सर्वात जास्त परत येणारी गिऱ्हाईकं यातलीच आहेत.

लग्न न झालेल्या जोडप्यांचं काय हा प्रश्न मग आलाच. स्टेशन परिसरात बरेच जण ठाणे-मुंबईचा पत्ता असलेलं आधार बघितलं की नाही म्हणतात. मी वाचलं, सज्ञान असतील तर कुठलाही कायदा अडवत नाही, मद्रास हायकोर्टानेही 2019 मध्ये हेच म्हटलं. आई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. पण मी दोघांची ओळखपत्रं घेते, वय बघते आणि चावी देते, बाकी चौकशा मला करायच्या नाहीत. गंमत म्हणजे त्यानंतर एकट्या येणाऱ्या मुली वाढल्या, एकीने मला सांगितलं की तुम्ही फालतू प्रश्न विचारत नाही म्हणून आले.

पैशाचं थोडं सांगते. आमचा दर मुद्दाम 999, कारण हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हता. 18 जुलै 2022 पासून त्यावरही 12 टक्के लागला, 999 चे 1119 झाले आणि गिऱ्हाईक काउंटरवर माझ्याशी भांडतंय जसं काही ते 120 रुपये मीच खाणार आहे. आता 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला, गिऱ्हाईक खूश, पण आम्हाला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे लॉन्ड्री, एसी रिपेअर, ऑनलाइन कमिशन यावर भरलेला कर आमच्या जीएसटीतून वजा करता येत नाही, गेला तो गेला. आणि लॉन्ड्री हा छोटा खर्च नाही हो. पांढऱ्या चादरींचा हट्ट माझाच, डाग लपत नाही म्हणून विश्वास बसतो, पण लग्नसराईत मेंदी, हळद, हेअर डाय, विचारू नका. एका पलंगाला तीन जोड्या लागतात, एक अंगावर, एक धुवायला, एक कपाटात. पावसाळ्यात चार, कारण वाळतच नाहीत.

मध्ये एका ऑनलाइन खोल्या बुक करणाऱ्या कंपनीचा बोर्डही लावून बघितला, महिन्याला ठराविक रक्कम देऊ म्हणाले, तीन महिने दिली, मग दंड, कपाती असं सांगत अर्धीच. बोर्ड उतरवला. लॉकडाऊनबद्दल काय लिहू, सगळ्यांचं झालं तेच आमचं, मामा आणि मी रोज अकरा खोल्यांचे नळ सोडून यायचो, गंजू नयेत म्हणून.

आवाजावर मात्र अजून पूर्ण तोडगा नाही. रस्त्याकडच्या खोल्यांना दुहेरी काच आहे, रिक्षांचे हॉर्न बरेच कमी होतात, पण पाडव्याच्या शोभायात्रेचे ढोल कुठली काच अडवणार? आता आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो की त्या दिवशी सकाळी झोप विसरा, हवं तर गच्चीवर या. मागच्या बाजूच्या दोन खोल्यांना खिडकीच नाही, ते लपवत नाही आम्ही, लिहूनच टाकलंय आणि दर शंभर रुपये कमी. नाइट शिफ्टवाली पोरं त्याच खोल्या मागून घेतात, दिवसा अंधार मिळतो म्हणून.

बाजूच्या भिंतीवर बाबांच्या वेळचं मोठ्या अक्षरातलं 'लॉजिंग' होतं, नूतनीकरणात त्यावर दोन हात रंग मारला. दर पावसाळ्यात पोपडे निघतात आणि आधी 'लॉ' दिसायला लागतं, मग 'जिं'. यंदाही दिसतंय. गणपतीनंतर पेंटरला बोलवायचंय, पण बाबा म्हणतात राहू दे गं, रिक्षावाले त्याच्यावरूनच माणसं आणून सोडतात.